रूथची बाजू कोण घेणार?

आज संध्याकाळी एका नाट्यवाचनाला गेले होते. घरी आल्यापासून डोकं भणाणलंय, म्हणून लिहितेय. अमेरिकेतली काळी नाटककार लॉरेन हॅन्सबेरी हिच्या 'अ रेझिन इन द सन'मधले प्रवेश होते. शिकागोतल्या एका काळ्या कुटुंबाचं नाटक: वॉल्टर, त्याची बायको रूथ, बहीण बेनिथा, आई लीना आणि एक लहान मुलगा. वाचन झकास झालं, वॉल्टर वाचणाऱ्या मुलाने तर जीव ओतला. मग चर्चा. एका मुलीने उभं राहून विचारलं, हॅन्सबेरीचं बायकांवर प्रेम होतं, त्याविषयी तिने लिहिलंही होतं, मग नाटक वाचताना ते लक्षात घ्यायचं की नाही? व्यासपीठावरच्या ज्येष्ठांनी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. म्हणाले, तो तिचा खासगी मामला, हे नाटक वंशभेदाचं आहे, वॉल्टरचं आहे. मुलगी खाली बसली. लगेच आभारप्रदर्शन, चहा, फोटो.

खासगी कसला? 1957 साली 'द लॅडर' या मासिकाला तिने पत्रं पाठवली होती. लेस्बियन बायकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून चालवलेलं मासिक. पूर्ण नावाने सही करणं परवडणारं नव्हतं, म्हणून खाली नुसती आद्याक्षरं. त्यातल्या एका पत्रात ती लिहिते, की समलिंगी माणसांच्या छळाच्या मुळाशी अज्ञान तर आहेच, पण बायकांना कमी लेखणारी विचारसरणीही आहे. हे कळलेली बाई त्याच सुमारास हे नाटक लिहीत होती. ज्या डोक्यातून ते पत्र आलं, त्याच डोक्यातून रूथ आली, बेनिथा आली. आणि आपण म्हणायचं, संबंध काय?

मला हे नाटक एमएला होतं. तेव्हा मी मावशीकडे राहायचे. मावशी सरकारी दवाखान्यात आया होती. रात्रपाळी करून आली की मी चहा टाकायचे, ती पाय पसरून भिंतीला टेकायची, आणि मी अभ्यास म्हणून तिला एकेक प्रवेश मराठीत सांगायचे. पहिल्याच प्रवेशात वॉल्टर दारूच्या दुकानाचा बेत सांगतोय आणि रूथ म्हणते, अंडी खा. तो भडकतो. पुरुष बाईला सांगतो माझं एक स्वप्न आहे, आणि बाई म्हणते अंडी खा! कॉलेजात इथे सगळा वर्ग हसला होता. सरांनी सांगितलं होतं, रूथ म्हणजे नवऱ्याचं स्वप्न न कळणारी बायको. तसं लिहा, मार्क मिळतात.

मावशी हसली नाही. "अगं, मग तिनं काय करायचं? तिला कामावर जायचंय ना?"

एवढं साधं आमच्या वर्गात कुणाला सुचलं नव्हतं. शिकागोच्या साउथ साइडला कोंदट घर, संडास-बाथरूम बाहेर, शेजाऱ्यांसोबत. पोरगा बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. रूथ गोऱ्या लोकांच्या घरी राबते. त्या सकाळी मुलगा शाळेसाठी पन्नास सेंट मागतो, ती नाही म्हणते, कारण नाहीतच. वॉल्टर तिच्यादेखत ऐटीत त्याला दुप्पट देतो, आणि थोड्या वेळाने परत येऊन तिच्याचकडे गाडीभाडं मागतो. हे सांगितल्यावर मावशीने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "असंच." बास, तेवढंच म्हणाली. काकांनी तिच्या भिशीचे पैसे टेम्पोच्या धंद्यासाठी भागीदाराला दिले होते, तो भागीदार पुन्हा दिसला नाही. नाटकात पुढे वॉल्टरचा भागीदार विली हॅरिस पैसे घेऊन पळणार हे मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं.

वॉल्टर खलनायक नाही, मान्य. दिवसभर दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडायचं आणि रात्री आईच्या घरात झोपायचं, याने माणूस आतून किडतो, आणि शेवटी, आमच्या वस्तीत राहायला येऊ नका म्हणून गोरा लिंडनर देऊ करतो ते पैसे तो नाकारतो तेव्हा माझेही डोळे भरून येतात. पण त्याचं दुःख मोठं म्हणून रूथचं छोटं होत नाही.

वंशभेदाचं नाटक आहे का? अर्थात आहे. ते लॉरेनला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. 1937 साली तिच्या वडिलांनी शिकागोच्या वुडलॉन भागात घर घेतलं. तिथे काळ्यांना घर विकायचं नाही असा गोऱ्या मालकांनी आपसात करार केला होता. घरासमोर जमाव जमला, कुणीतरी फेकलेला तुकडा लहानग्या लॉरेनच्या डोक्याला लागता लागता राहिला. वडील खटला लढले, तो 1940 साली थेट सुप्रीम कोर्टातून त्यांच्या बाजूने लागला, तोही मुद्द्याला हात न घालता, तांत्रिक कारणावर. हे सगळे सांगतात. आजच्या वक्त्यांनीही सांगितलं. पण लॉरेनने स्वतः आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीय. वडील कोर्टातल्या लढाईसाठी वॉशिंग्टनला असायचे तेव्हा आई रात्र रात्र भरलेलं जर्मन पिस्तूल हातात घेऊन घरात पहारा द्यायची. चार पोरं झोपलेली, आणि आई या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. ही आई भाषणात का येत नाही? वंशभेदाची गोष्ट सांगताना बाई गाळायची, बाईची सांगताना तिचं प्रेम गाळायचं. मग उरतं काय?

तिच्या हयातीतही तेच झालं. 11 मार्च 1959, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर पहिला प्रयोग. काळ्या बाईने लिहिलेलं नाटक तिथे पहिल्यांदाच लागलं होतं. सिडनी पॉइटिए वॉल्टर, रूबी डी रूथ, डायना सँड्स बेनिथा. पण बेनिथा केस सरळ करणं सोडून कापून टाकते आणि जसे आहेत तसे कुरळे ठेवते, हा भाग प्रयोगाआधीच कापला गेला. 1959 साली काळ्या मुलीने आपले केस आहेत तसे घेऊन ब्रॉडवेवर उभं राहणं! केवढी गोष्ट होती ती. गेली. कारणं असतात, प्रयोग लांबतो, विग नीट बसत नाही, मला नका सांगू. कात्री दर वेळी त्याच ठिकाणी कशी लागते?

बेनिथा मला फार आवडते. डॉक्टर व्हायचंय तिला, आणि भाऊ विचारतो, इतर बायकांसारखी नर्स का होत नाहीस, नाहीतर लग्न कर. तिच्या मागे असलेल्या श्रीमंत जॉर्जला तिचं बोलणं नको, नुसती दिसायला छान मुलगी हवी. आणि तिचा नायजेरियन मित्र असागाई, एवढा शहाणा, आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची स्वप्नं बघणारा, तोही म्हणतो, बाईला प्रेम पुरेसं असायला हवं. ती उत्तर देते, हो, पुरुषांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांमध्ये तसंच असतं. हे वाक्य लिहिणाऱ्या बाईचं मन कुणावर होतं हे कळल्यावर ते दुप्पट धारदार होतं. आज त्या मुलीला हेच विचारायचं असणार.

त्या काळात उघड लिहिता येत नव्हतं, तेही खरं. 1927 पासून न्यूयॉर्कमध्ये कायदाच होता, रंगमंचावर समलिंगी संबंध दाखवले तर थिएटरला वर्षभर टाळं लागू शकायचं. 1967 पर्यंत तो गेला नाही. म्हणून त्या काळातली नाटकं बघा. टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये ब्लांचचा समलिंगी नवरा ॲलन पडदा उघडायच्या कितीतरी आधी मेलेला. त्याच्याच 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मध्ये नायकावर जीव असलेला त्याचा मित्र स्किपर मेलेला. लिलियन हेलमनच्या 'द चिल्ड्रन्स अवर'मध्ये मार्था मैत्रिणीवरचं मनातलं प्रेम बोलून दाखवते आणि स्वतःला गोळी घालते. जिवंत राहायची परवानगीच नव्हती. एड्सने खंगलेला समलिंगी प्रायर शेवटच्या प्रवेशात प्रेक्षकांसमोर जिवंत उभा राहून बोलतो, त्यासाठी टोनी कुश्नरच्या 'एंजल्स इन अमेरिका'ची, म्हणजे 1990च्या दशकाची वाट बघावी लागली. तोवर लॉरेन कधीच गेली होती. कर्करोगाने, 1965 साली, 34व्या वर्षी.

तिच्या माजी नवऱ्याने, रॉबर्ट नेमिरॉफने, तिचं लेखन जपलं, छापलं, मी ते नाकारत नाही. पण तिच्या या बाजूचे कागद त्याने अभ्यासकांना बघू दिले नाहीत, आणि ते खुले व्हायला नवं शतक उजाडावं लागलं. पन्नास वर्षं लोक अर्धी बाई वाचत होते.

आता जरा शांत झालेय. मावशीचं एक सांगायचं राहिलं. रूथला दिवस जातात आणि ती गर्भ पाडून देणाऱ्या बाईला पाच डॉलर देऊन येते, तो प्रवेश. आमच्या वर्गात तो दोन वाक्यांत उरकला होता. मावशी सरळ होऊन बसली. म्हणाली, "आगाऊ दिले म्हणजे तिचं ठरलं होतं." मग बऱ्याच वेळाने, "आमच्याकडे येतात अशा. उशिरा येतात." मग विचारलं, सासूने घर घेतलं ते कुणाच्या नावावर? मी पुस्तक उघडून बघितलं. लीना नातवाला सांगते, तू मोठा पुरुष झालास की हे तुझं. मावशी म्हणाली, "बघ."

सातवी शिकलेल्या बाईने जे नाटकात पाहिलं ते व्यासपीठावरच्या माणसाला दिसत नसेल, तर त्याने निदान विचारणाऱ्याला गप्प करू नये. 'कलाकृती कलाकृती म्हणून बघा' असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर माझंही तेच म्हणणं आहे, फक्त पूर्ण बघा. बेनिथाचे केस परत आणलेली संहिता छापलेली आहे, ती घ्या. पुढचं वाचन करणार असाल तर ती वापरा, रूथला तिची सगळी वाक्यं द्या, आणि चर्चेला एक तास ठेवा.