ओढावी की सोडावी?

जाडजूड कादंबरी अर्ध्यात अडकली की ती नेटाने ओढत शेवटपर्यंत न्यावी की सोडून द्यावी, हा पेच पडतो. सगळ्यात आधी पुस्तक मिटून उभं धरा आणि कडेने बघा. वाचनालयातून आणलेली जाड कादंबरी असेल तर पानांच्या कडांवर बोटांचा मळ दिसेल. पहिली दीडशे पानं चहाच्या रंगाची, आणि तिथून पुढे एकदम लग्नपत्रिकेसारखी कोरी करकरीत. ती रेघ म्हणजे तुमच्या आधीच्या सगळ्या सभासदांनी एकमताने केलेला ठराव. समीक्षक काहीही लिहोत, मळ खोटं बोलत नाही. आमच्या वाचनालयातल्या एका प्रतीत ८७ व्या पानाच्या समासात पेन्सिलीने 'पुढेही हेच आहे' असं लिहिलंय. त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'नाही, याहून वाईट आहे'. आणि त्याखाली शाईने, ठसठशीत, 'कृपया पुस्तकात लिहू नये'.

अशा पुस्तकाबद्दल सल्ला लागत नाही. पंधरा दिवसांची मुदत असते, ती संपली की निर्णय आपोआप लागतो. खरा पेच स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पुस्तकाचा. माझा पेच टॉल्स्टॉयच्या 'वॉर अँड पीस'चा आहे, म्हणून दाखले तिथले देतो. तुमच्या उशाशी जे काही पडलंय ते तुम्ही त्या जागी घाला. मी ती किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात घेतली. काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम भरली. वरचे शंभर ग्रॅम सोडा म्हटलं, तर विक्रेता काट्यावरची नजर न काढता म्हणाला, 'साहेब, भाजी नाही ही.'

मोजलेले पैसे माणसाला कसे ओढत नेतात, हे शास्त्राने तपासलेलं आहे. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना तिकीट पूर्ण किमतीत दिलं, काहींना खिडकीवर ऐनवेळी सवलत दिली. पूर्ण पैसे मोजलेले लोक पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या सहामाहीत फरक उरला नाही. म्हणजे छापील किमतीचं पुस्तक सहा महिने छळतं आणि किलोवरचं त्याहून कमी. माझं आठव्या महिन्यातही छळतंय. त्या प्रयोगात हे बसत नाही, पण तिथे तिकिटं तोलून दिलेली नव्हती.

तरी नियम हवाच असेल तर एक आहे. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सांगून ठेवलंय की पुस्तकाला पन्नास पानं द्या, नाही रुचलं तर खाली ठेवा. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. शंभरी गाठली की शून्य, म्हणजे नुसतं मुखपृष्ठ बघून नाही म्हणायचा हक्क. हे मी बाबांना ऐकवलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बावीस पानांत मोकळे. ते म्हणाले, 'रिक्षाचं मीटर आहे का हे?' आणि पेपरात डोकं घातलं.

पण बावीस पानांत टॉल्स्टॉय कुठवर पोचतो ते बघा. १८०५ सालचा जुलै. पीटर्सबर्ग. अ‍ॅना पाव्हलोव्हनाच्या दिवाणखान्यात संध्याकाळची बैठक जमलेली. पहिलंच वाक्य बरंचसं फ्रेंचमध्ये, त्याचा अर्थ तळटीपेत. माणसं येतात, वाकतात, नेपोलियनबद्दल नापसंती व्यक्त करतात आणि दुसऱ्या कोंडाळ्यात जातात. बावीस पानं होतात तरी तुम्ही त्याच दिवाणखान्यात असता आणि अजून कोणी चहा झाला का विचारलेलं नसतं. नमनालाच घडाभर तेल. अठ्ठ्याहत्तरीचा वाचक इथून उठून जातो, आणि पुढे कादंबरीचा एक नायक पिएर आणि त्याची टवाळ मंडळी एका पोलिसाला अस्वलाच्या पाठीला पाठ लावून बांधतात आणि अस्वल मोयका नदीत सोडून देतात, हे त्याला कधीच कळत नाही. पन्नाशीच्या आतल्याला अस्वल मिळतं. ज्येष्ठ नागरिकांवरचा हा अन्याय अजून कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

सोडण्यासाठी सबब हवी असेल तर नावांची तक्रार करू नका. ती मराठी माणसाला शोभत नाही. रशियनांत एकच माणूस तीन नावांनी येतो म्हणे. नताशा, नताल्या, नताल्या इलीनिच्ना. इल्याची मुलगी म्हणून इलीनिच्ना. अहो, आपल्या सातबाऱ्यापासून दहावीच्या दाखल्यापर्यंत मधे बापाचंच नाव असतं की! आणि आपल्याकडे एकच गृहस्थ आईला बंड्या, भावंडांना दादा, सासुरवाडीला जावईबापू, ऑफिसात कुलकर्णी साहेब आणि पत्रिकेत चि. श्रीपाद असतो. लग्नात अडीचशे माणसांतली आत्याची नणंद बरोबर ओळखून तिच्या पाया पडणाऱ्याने बेझुखोव्ह आणि बोल्कोन्स्की यांत गोंधळ होतो म्हणणं हा शुद्ध आळस आहे.

चिकाटीने वाचायचंच ठरलं तर नियोजन करा. 'वॉर अँड पीस'मध्ये एकूण ३६१ प्रकरणं आहेत, बहुतेक अगदी छोटी. रोज एक वाचलं तर वर्षात पुस्तक संपून चार दिवस उरतात. ते दिवाळीला ठेवावेत. हा हिशेब इतका गोड जमला की मी एक जानेवारीला कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांशेजारी, प्रकरणाचा आकडा लिहायला सुरुवात केली. वाचन चुकलं की दुधासारखीच फुली. फेब्रुवारी संपला तेव्हा दुधाचे खाडे दोन होते आणि टॉल्स्टॉयचे एकोणीस. महिनाअखेरीला बायकोने एकवीस खाडे धरून दूधवाल्याचं बिल कापलं. त्याने जे काय ऐकवलं त्यानंतर कालनिर्णयवरचं वाचन मी बंद केलं.

त्यापेक्षा खूण सांभाळा. वाचन दुय्यम आहे. खूण पुढे सरकली पाहिजे. माझी खूण म्हणजे लाँड्रीची पिवळी पावती (त्या पावतीवरची पँट अजून लाँड्रीतच आहे, तो विषय वेगळा). दर रविवारी सकाळी, घरचे आसपास असताना, ती चाळीसेक पानं पुढे न्यावी. दोनशेच्या पुढे गेलं की पुस्तक उशाशी न ठेवता हॉलमधल्या टीपॉयवर ठेवावं, पाहुण्यांच्या बाजूला कणा करून. कण्याला एक उभी सुरकुती पडू द्यावी. पडत नसेल तर पुस्तक मधोमध उघडून तळहाताने दाबावं, कट् असा आवाज होतो. पाहुणे विचारतात, 'वाचताय वाटतं?' त्यावर 'हो' म्हणणारा नवशिका. 'पुन्हा वाचतोय,' असं म्हणावं. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला गोष्ट विचारायचं कोणाला धाडस होत नाही. मी हे गेल्या चार महिन्यांत अकरा जणांना सांगितलं आणि एकालाही पुढचा प्रश्न सुचला नाही.

लोक पूर्वी एवढं कसं वाचायचे, असंही वाटतं. त्यांना सगळं एकदम मिळतच नसे. टॉल्स्टॉयची ही कादंबरी १८६५ पासून आधी मासिकात तुकड्यांनी यायला लागली, आणि १८६६ साली त्याच 'रशियन मेसेंजर'मध्ये दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट'ही चालू होती. एका वर्गणीत दोन्ही. आपल्याकडे १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक निघालं आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यात हप्त्याहप्त्याने आली. तेव्हाच्या वाचकाला सोडावी की ओढावी हा प्रश्न पडत नसे, कारण पुढचं अजून छापलेलंच नसायचं. आठवडाभर तो चडफडत बसायचा. आपल्याला सगळी बाराशे पानं एकदम तोलून मिळतात, मग आपण चडफडतो ते पुस्तकावर.

'आधी शेवट वाचून टाक' असा सल्ला देणारे भेटतील. आधी कळस मग पाया. मी तेही करून पाहिलं, आणि तुम्हाला सावध करतो. या कादंबरीला उपसंहार आहेत दोन. पहिल्यात निदान माणसं आहेत, त्यांची लग्नं झालीत, मुलंबाळं झालीत. दुसऱ्यात माणूसच नाही. बारा प्रकरणं नुसती इतिहास म्हणजे काय, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की नाही, राजे लोकांना चालवतात की लोक राजांना, याची चर्चा. आपल्या कीर्तनकारांना हे बरोबर कळलेलं आहे. पूर्वरंगात निरूपण, तेव्हा मंडळी ताजी असतात, थोडं सहन करतात. मग उत्तररंगात आख्यान, झोप उडते आणि आरतीपर्यंत माणूस हलत नाही. टॉल्स्टॉयबुवांनी बाराशे पानं आख्यान लावलं आणि निरूपण ठेवलं शेवटी, श्रोते चपला शोधत असताना. शेवट आधी वाचणाऱ्याला वाटतं, आपण चुकून दुसरंच पुस्तक उचललं.

तेव्हा सोडायचीच असेल तर अब्रूने सोडा. 'कंटाळा आला' हे वाक्य सुशिक्षित घरात उच्चारायचं नसतं. 'अनुवाद जमलेला नाही,' असं म्हणा. मूळ रशियन कोणालाच येत नसल्यामुळे यावर अपील नाही. 'सध्या मनःस्थिती नाही' हेही चालतं, पण त्यावर सासूबाई काळजीत पडतात. फक्त लय संथ आहे असं चुकूनही बोलू नका. कारण तुम्हीच दर डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्वला सतरंजी घेऊन जाता आणि पाऊण तास विलंबित ख्याल ऐकून आल्याचं जानेवारीभर सांगता. तिथे एका सुरावर दहा मिनिटं काढली की तुम्ही 'क्या बात है' म्हणता, आणि इथे अस्वलानंतर शंभर पानं कोणी नदीत पडलं नाही तर घोडं पेंड खातंय म्हणता. (विलंबित चालू असताना वडापावच्या स्टॉलवरची गर्दी मी पाहिलेली आहे. तिथे तुम्हीही होतात.)

एक धोका मात्र सांगून ठेवतो. खूण सरकवताना पानावर नजर टाकू नये. गेल्या रविवारी माझ्याकडून ती चूक झाली. पावती चारशेच्या पुढे न्यायला पुस्तक उघडलं आणि एक ओक दिसला. १८०९ सालचा वसंत, प्रिन्स आंद्रेई गाडीतून कुठल्याशा मालमत्तेच्या कामाला निघालाय. बर्चची झाडं हिरवी झालेली, आणि मधे हा एक जुना ओक, फांद्या मोडलेल्या, सालीवर वळ, पालवीचा पत्ता नाही. वसंत, प्रेम, सुख, सगळी फसवणूक आहे असं तो ओक जणू म्हणतोय, आणि आंद्रेईला ते पटतं. आपलं झालं आता. पुढे काही पानांनी जूनमध्ये तो त्याच रस्त्याने परततो. तो ओक कुठे असेल म्हणून शोधत असतो, आणि एका गर्द पानांच्या झाडाकडे कौतुकाने बघत बसलेला असतो. हे तेच झाड, हे त्याला मागाहून कळतं. एकतिसाव्या वर्षी आयुष्य संपत नाही, असं त्याच्या मनात येतं. मी हॉलमध्ये उभाच. गॅसवरचं दूध ऊतू गेलं. वाचायचं नव्हतं तरी वाचलं गेलं, आणि वर असं वाटायला लागलं की आधीची चारशे पानं वाचली असती तर हा आंद्रेई एवढा विझलेला का, ते कळलं असतं. असल्या विचारांपासून दूर राहा. त्यानेच माणसं पुन्हा पहिल्या पानावर जातात.

पावती ठेवायला गेलो तर त्याच पानांत आधीच एक खूण होती. बी.पी.च्या गोळ्यांची रिकामी पट्टी. मी पुस्तक मिटून कडेने पाहिलं. तिथपर्यंतच्या कडा जराशा मळलेल्या होत्या.

दुपारी बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर उशी, उशीवर पुस्तक, हातात पंचांग बघायचं भिंग. मला बघून त्यांनी पट्टी पानात घातली.

'तू दुसऱ्यांदा वाचतोयस ना रे?'

'हो.'

'मग सांग बरं, त्या अस्वलाचं पुढे काय झालं? पोलिसाला बाहेर काढला म्हणतो. अस्वलाचं नावच काढत नाही. चारशे पानं झाली.'

'येतं पुढे,' मी म्हणालो. 'वाचत राहा.'