सड्यावर रोपांचा टेम्पो नेण्याआधी

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आठ दिवस एक मेसेज फिरतोय. आप्पांनी तो तिसऱ्यांदा टाकला, तेव्हा म्हटलं आता लिहावंच. मेसेज थोडक्यात असा: 'कास, चाळकेवाडीचे सडे ओसाड पडलेत. सागरेश्वरला उघड्या डोंगरावर जंगल झालं, मग साताऱ्याला काय धाड भरलीय? भरभर वाढणारं कुठलंही झाड लावा, जैवविविधता आपोआप येईल. पवनचक्क्यांनी तरी कुणाचं काय बिघडलं?' खाली हात जोडल्याची चार चिन्हं आणि रविवारी रोपांचा टेम्पो निघणार असल्याची सूचना.

आधी 'ओसाड'. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. मार्च-एप्रिलात कासला गेलात तर काळा पडलेला जांभा आणि करपलेलं गवत दिसतं, कबूल. त्याच पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत कास आलं ते काही दाट झाडीसाठी नाही. पावसाळ्यात खडकातल्या उथळ डबक्यांकडे बघा. तिथे वायतुरा उगवतो, वाय अक्षरासारखा दुहेरी तुरा काढून. त्याच्या शास्त्रीय नावात 'सातारेन्सिस' आहे, आणि महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे मोजके सडे सोडले तर तो जगात कुठे सापडत नाही. ते डबकं बुजवून वर करंज लावलं तर हिरवळ वाढेल, वायतुरा जाईल.

'कुठलंही झाड लावा' हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग, म्हणून इथे जरा थांबतो. सड्यावर खडकावर माती असते बोटभर, कुठे वीतभर. तीही निकस. म्हणून तर तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून नत्राची तूट भरून काढतात. आता आपल्याकडे लागवड म्हटली की ग्लिरिसिडिया ठरलेली: लवकर वाढते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, कागदावर जगलेल्या रोपांचा आकडा छान दिसतो. ती परदेशातून आलेली, शेंगवर्गातली, मुळांवाटे जमिनीत नत्र साठवणारी. पाल्याचं खत उत्तम होतं, म्हणून शेतकरी बांधावर लावतात आणि तिथे ती शोभते. सड्यावर मात्र तिची सावली आणि तिचं खत दोन्ही नको असतात. निकस जमिनीत जगायला शिकलेल्या झुडपा-गवतांना खत मिळालं की त्यांचा फायदा होत नाही, बाहेरचं तण त्यांच्या उरावर बसतं. शेतात आपण तणाला शिव्या देतो आणि इथे ते आपल्या हाताने पोसायचं! परक्या जातींचा हा धोका नुसता साताऱ्याचा नाही. जगात नोंदल्या गेलेल्या नामशेष जातींपैकी ६० टक्क्यांमध्ये आक्रमक परक्या जातींचा हात होता, कधी एकटीचा, बहुतेकदा इतर कारणांबरोबर. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाचा २०२३ चा अहवाल हे सांगतो.

सागरेश्वरबद्दल आप्पांशी माझं भांडण नाही. धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी तिथे जे केलं त्याला तोड नाही. पण तो जंगल हरवलेला डोंगर होता. कासचा सडा काही हरवून बसलेला नाही, तो मुळातच तसा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला कसं चालेल?

राहिल्या पवनचक्क्या. सज्जनगड, ठोसेघर करत वर चाळकेवाडीला गेलात की पात्यांची घरघर ऐकू येते. उन्हाळ्यात खाली बघत चाललात तर दगडावर बसलेला सरडा दिसेल. वीतभरसुद्धा नाही, पण मादीला बघून गळ्याचा पंखा उघडतो तेव्हा निळा, काळा, केशरी असा रंग चमकतो की डोळे तिथेच राहतात. २०१६ मध्ये त्याला नाव मिळालं 'सरडा सुपर्बा'. आपला गावठी सरडा थेट शास्त्रीय नावात! २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, त्यामुळे सरडे जास्त. पण तिथले सरडे बारीक, रंगाने फिके, आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. म्हणजे आकाशातला ससाणा-घार हटली आणि जमिनीवरच्या सरड्याचा स्वभाव बदलला. वीज आपल्याला हवीच आहे, मीही पंख्याखाली बसूनच हे लिहितोय. पण 'काय बिघडलं' याचं उत्तर मोजून ठेवलेलं आहे, आणि पुढची पाती कुठे उभी करायची हे ठरवताना ते वाचायला हवं.

आप्पा, टेम्पो ठरलाच असेल तर रद्द करू नका, यवतेश्वरचा घाट तेवढा चढवू नका. खाली ओढ्याकाठी उंबर, जांभूळ लावू, रस्ता रुंद करताना वड गेले तिथे वड लावू. खड्डे काढायला मी सकाळी सातला येतो. ग्लिरिसिडियाची रोपं आणली असतील तर ती बांधासाठी कुणा शेतकऱ्याला देऊन टाका.