शिन फेंगश्या : याला भरपाई म्हणू नका

'रंगमंच गेला, पण लेखणी हाती आली' अशा थाटात कुणी शिन फेंगश्यांची गोष्ट सांगितली की माझं डोकं फिरतं.

चीनमधल्या 'पिंगजू' या संगीत नाटकाच्या प्रकारातल्या त्या मोठ्या गायिका-नटी. गरिबीत वाढलेल्या, अक्षरओळख जेमतेम. १९५१ मध्ये नाटककार वू झूग्वांग यांच्याशी लग्न केलं, स्वतःच्या पसंतीनं. त्यांची गाजलेली भूमिका ल्यू च्याओअरची : बापानं ठरवलेलं स्थळ धुडकावून मनाजोगता नवरा मिळवणारी खेड्यातली पोर. १९५० च्या नव्या विवाह कायद्याच्या प्रचाराला सरकारला आयतीच नायिका मिळाली.

१९५७ मध्ये वूंवर 'उजवे', म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे विरोधक, असा शिक्का बसला आणि त्यांची रवानगी ईशान्येकडच्या ओसाड, गोठलेल्या मुलखात झाली. आता त्याच सरकारच्या सांस्कृतिक खात्यातला बडा अधिकारी बाईंना बोलावून सांगतो, घटस्फोट घ्या! बाईंनी उत्तरही नाटकातलंच दिलं. वांग बाओछुआननं नवऱ्याची १८ वर्षं वाट पाहिली, मी २८ वर्षं पाहीन. (आपल्याकडे सावित्रीचं नाव घेतात, तसं तिकडे या बाओछुआनचं.) झालं, शिक्का त्यांच्यावरही बसला.

पुढे माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) बाईंना मारहाण झाली, गुडघा कामातून गेला. तशाच पायानं बीजिंगमध्ये हवाई हल्ल्यापासून बचावाची भुयारं खोदायला लावलं, तेही कित्येक वर्षं. १९७५ च्या अखेरीस अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग लुळं पडलं. पन्नाशीही उलटली नव्हती.

१९७९ मध्ये शिक्का पुसला. म्हणजे आता गायला परवानगी होती, उभं राहायला पाय नव्हता.

मग घरी बसून त्या लिहू लागल्या. नवऱ्यानं शिकवलेल्या अक्षरांच्या जोरावर जुन्या नटनट्यांच्या, स्वतःच्या बालपणाच्या आठवणींची पानंच्या पानं लिहिली. उजव्या हातानं फुलं, फळं रंगवली. चित्रकला खुद्द छी बाइशी या थोर चिनी चित्रकाराकडून शिकलेल्या! त्या चित्र काढायच्या आणि वू त्यावर सुलेखन करायचे. १९९८ मध्ये गेल्या, तोपर्यंत हे चालू होतं.

हे सगळं थोरच आहे. पण गाणाऱ्या बाईचा आवाज जाणता होतो, भूमिका अंगात मुरतात, नेमकी ती वर्षं सरकारनं हिसकावली. ती पुस्तकांनी भरून निघाली असं म्हणणं हिसकावणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे.

१९६३ चा त्यांचा 'हुआ वेइ मेइ' हा चित्रपट शोधा. त्यात बागेत उभ्या राहून त्या ऋतूऋतूंतली फुलं गातात. भाषा नाही कळली तरी चालेल. आधी ते ऐका, मग त्यांच्या चित्रांबद्दल बोलू.