‘आपल्याकडचे अनाथ संपले का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश अनाथ मुलांवर मी लेख लिहिला. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून त्याच रात्री उत्तर लिहिलं होतं. सकाळी ते पुसलं, कारण त्यात राग जास्त होता आणि तुमचं म्हणणं कमी. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात इथे देते. तुम्ही म्हणता, महाराष्ट्रात एवढी अनाथ मुलं असताना मी इंग्लंडला आणि पोलंडला गेले, ते तिथले अनाथ गोरे आणि माझ्या धर्माचे म्हणून. पूर्वी मिशनरी अनाथांचे फोटो दाखवून देणग्या मिळवत, मी तेच करून वाचक मिळवते. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं एक वाक्य: ‘माझे आजोबा वळिवड्याच्या छावणीत दूध घालायचे, त्यांना कधी कोणी विचारलं नाही.’

मिशनऱ्यांबद्दल आधी बोलते, कारण ते माझ्या घरातलं आहे. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात एका मिशनच्या अनाथालयात आली. तिथल्या नोंदवहीत तिच्यावर एक ओळ आहे. नवं नाव, ‘वय अंदाजे सहा’ आणि बाप्तिस्म्याची तारीख. त्या काळच्या मिशनच्या मासिकांत दुष्काळातल्या मुलांचे फोटो छापून येत, बरगड्या मोजता येतील असे, आणि ते बघून परदेशातून पैसे येत. तशा पैशांवर माझी पणजी जगली. मला त्या पैशांची लाज वाटत नाही. पण ती म्हातारी होऊन जाईपर्यंत तिच्यासमोर बसून, ‘तू कुठली गं, तुझी आई कोण?’ असं कोणी विचारलं नाही. मिशनमधल्यांनी नाही आणि आमच्या घरातल्यांनीही नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथांचा समाचार घेण्याला शुद्ध धर्माचरण म्हटलं आहे. आम्ही त्या समाचाराचा अर्थ कपडे, धान्य आणि शाळेची फी एवढाच लावत आलो. विचारपूस त्यातून गळून गेली.

आता गोऱ्या अनाथांकडे मी कशी पोहोचले ते. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आमच्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायला लहानपणी जायचो. तिथे काही कबरींवरची नावं मला वाचता यायची नाहीत. आई म्हणायची, ‘पोलंडच्या लोकांच्या आहेत.’ ते लोक इथे कशाला आले, हे तिलाही नीट माहीत नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलरचं आणि पूर्वेकडून स्टालिनचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्रीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे, उत्तर रशियाच्या जंगलांत आणि पुढे कझाकस्तानात पाठवली गेली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर, १९४१ च्या उन्हाळ्यात झालेल्या करारानंतर या लोकांची सुटका झाली आणि ते दक्षिणेकडे निघाले. उझबेकिस्तानपर्यंत पोहोचेस्तोवर भूक आणि टायफस यांनी किती आया गेल्या त्याला गणती नाही. १९४२ मध्ये मुलांची एक तुकडी अश्गाबातहून मशहदमार्गे ट्रकने भारतात आली. जामनगरजवळ बालाचडीला नवानगर संस्थानच्या राजांनी, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी, त्यांच्यासाठी छावणी उभारली. १९४३ मध्ये वळिवड्याला दुसरी, मोठी छावणी झाली. तिथे साधारण पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आली. तुम्ही लिहिलंय की या मुलांना आसरा दिल्याचं सगळं श्रेय मी चर्चला देते. तसं लेखात वाटलं असेल तर ते इथे दुरुस्त करते. या मुलांना ‘तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू’ असं सांगणारे जामसाहेब हिंदू होते. चर्चने माझ्यासाठी एवढंच केलं की छावणीतून पुढे इंग्लंडला जाऊन राहिलेल्या पोलिश मंडळींची दारं उघडली. धर्म एक असल्याचा मला तिथे उपयोग झाला, हे तुमचं म्हणणं मान्य.

२०१९ मध्ये मी गेले तेव्हा त्या मुलांपैकी जे भेटले ते सगळे पंच्याऐंशीच्या आसपासचे होते. त्यातल्या एका आजींबद्दल लेखात मी अर्धंच लिहिलं होतं. नऊ वर्षांच्या असताना उझबेकिस्तानात त्यांच्या आईने त्यांना पोलिश अनाथालयाच्या दाराशी नेलं आणि बजावलं, ‘विचारलं तर सांग, आई मेली.’ अनाथालयातल्या मुलांना आधी बाहेर काढत होते, म्हणून. अशा कितीतरी आया होत्या. पोर जगावं म्हणून जिवंतपणी त्यांनी त्याला अनाथ केलं. आजी मला म्हणाल्या, ‘मी खोटं बोलले आणि भारतात आले.’ त्यांना वळिवड्याचा पाऊस आठवत होता, पंचगंगा आठवत होती, बाजारातला ‘किती?’ हा शब्द आठवत होता. छावणीत विकायला येणारे फेरीवाले तेव्हा पोलिश बोलायला शिकले होते, हे सांगताना त्या खूप हसल्या.

मग त्यांनी मला माझ्याबद्दल विचारलं आणि मी पणजीचं सांगितलं. त्या गप्प राहिल्या. म्हणाल्या, ‘तिची आई खरंच मेली होती, की तिने तिला तिथे ठेवलं होतं?’

हा प्रश्न आमच्या घरात सव्वाशे वर्षांत कोणाला सुचला नव्हता. ‘दुष्काळातली अनाथ’ म्हटलं की आम्हाला सगळं कळल्यासारखं वाटायचं. त्यानंतर मी कोणाच्याही गोष्टीवर अनाथ हा शब्द आधी लिहून टाकत नाही.

लेखातला प्रत्येक भाग मी ज्याचा त्याला वाचायला परत पाठवला. या आजींनी आईचं पुढे काय झालं ती दोन पानं काढायला सांगितली. ती काढली, आणि माझ्याकडची प्रतही ठेवली नाही. तेवढ्यानेच लेख तुम्हाला थोडा कोरडा वाटला असेल.

आपल्याकडच्या मुलांकडे का गेले नाही? बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. दहा वर्षांच्या पोराने आज विश्वासाने सांगितलेलं तिसाव्या वर्षी त्याला जगासमोर नको असेल. त्या वेळी ते परत घ्यायची सोय त्याला कोण देणार? म्हणून मी मोठ्यांकडेच जाते. संस्थेत वाढून बाहेर पडलेली, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली चार माणसं माझ्याशी सध्या बोलत आहेत, साताऱ्याकडची आणि सांगलीकडची. त्यातलं किती छापायचं ते तेच ठरवतील.

एका बाबतीत तुम्ही मला पकडलंत. लेखाच्या सुरुवातीला डोकं भादरलेल्या, अनवाणी मुलीचा फोटो होता. आजींच्या शब्दांची परवानगी मी घेतली होती, त्या फोटोची नव्हती. त्यांच्या मुलीने तो इतर कागदांसोबत पाठवला आणि मी वापरला, कारण तो बघून वाचक थांबतो. म्हणजे त्या जुन्या मासिकांनी केलं तेच. आजी २०२१ मध्ये गेल्या. फोटो मी काल काढून टाकला आणि त्यांच्या मुलीला तसं कळवलं.

आणि तुमचे आजोबा. फाळणीनंतर वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले, त्याचं आजचं गांधीनगर झालं, आणि दूध घालणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, धुणी धुणाऱ्या आपल्या माणसांच्या आठवणी फारशा कोणी मांडल्या नाहीत. मीही मांडल्या नाहीत. आजोबा आता नसतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पण त्यांनी घरात काही सांगितलेलं असेल, दुधाचा हिशेब कसा ठेवायचे, कोणत्या बराकीत जायचे, एखादा पोलिश शब्द, तर ते तुमच्या आईंना किंवा आत्यांना आठवत असेल. त्यांची हरकत नसेल तर येत्या महिन्यात मी कोल्हापुरात आहे. सवडीचा दिवस कळवा. मी घरी येते.