बोट चकाचक करायची आहे ना? मग धुवायच्या भानगडीत पडूच नका

फायबरची पर्यटन बोट आहे, मालक तुम्ही आहात आणि एक सप्टेंबर तोंडावर आलाय. २६ मेला जलपर्यटन बंद झालं तेव्हा बोट जशी वर ओढली तशीच ती अजून उभी आहे, बुडाला वाळू, अंगावर मीठ, वरून निळी ताडपत्री करकचून आवळलेली आणि आत अख्ख्या पावसाळ्याचा घाम. आता चार दिवसांत ती नवीकोरी दिसली पायजे कारण बुकिंगवाल्यांना व्हिडिओ पाठवायचाय. घाबरू नका. आमच्या मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीच्या बाजूला या विषयातले एवढे जाणकार तयार झालेत की त्यांची विद्या वाया जाऊ नये म्हणून लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं माझ्याच बोटीवर आणि माझ्याच पैशाने सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे शंका घेऊ नये.

पहिली गोष्ट, बोट गोड्या पाण्याने धुवायची नाही. पाणी किती लागतं, वेळ किती जातो, आणि शेवटी ती खाऱ्या पाण्यातच जाणार आहे ना! मीठ आणि वाळू तशीच राहू दे अंगावर. वर पॉलिशचं मशीन फिरवलं की तीच वाळू पॅडखाली येते आणि कंपाऊंडचं, म्हणजे घासायच्या पेस्टचं, काम फुकटात करते. गोल गोल ओरखडे उठतात ते उन्हात फार सुंदर दिसतात, पर्यटकांना वाटतं डिझाइनच आहे.

बुडाला चिकटलेली शिंपलं ओली असताना लाकडाच्या पट्टीने काढली तर पटापट निघतात, म्हणून ओली असताना काढू नयेत. पुरती सुकू द्यावीत, दगड होऊ द्यावीत, मग लोखंडी पात घेऊन ठोकावं.

डाग जात नाही? भांड्याची तारेची घासणी घ्या. तिचे बारीक तुकडे फायबरच्या छिद्रांत अडकतात आणि आठवड्याभरात गंजून अंगभर तांबूस ठिपके येतात. मग ते ठिपके घालवायला दुसरी घासणी घ्या.

आता ॲसिड. हा आमचा लाडका विषय. कर्लीच्या खाडीत बोट उभी राहिली की पाण्याच्या रेषेला पिवळट-तपकिरी पट्टा येतो, सगळ्यांच्याच बोटींना येतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर पाण्यात कालवून, हातमोजे घालून, फडक्याने लावली आणि थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुतली की हा पट्टा निघतो, गंजाचे ओघळही निघतात. पण एवढं सोपं आणि स्वस्त असेल तर ते काम कसलं? म्हणून संडास साफ करायचं ॲसिड आणायचं, तेसुद्धा सुट्टं, कॅनमधलं, आणि तसंच ओतायचं. फेस आला की टाळ्या. पट्टा जातो, शंभर टक्के जातो. जाताना तो जेलकोटची, म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरच्या रंगीत थराची, झिलई घेऊन जातो, इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला पांढरी बुरशी आल्यासारखं करून जातो, स्टीलच्या नटबोल्टांना बारीक खड्डे पाडून जातो, ते जाऊ द्या, पट्टा गेला की नाही ते बोला.

मशीन कुठलं घ्यावं असं बरेच जण विचारतात. ग्राइंडर. दुसरा विचारच नको. तोच चार इंची, ज्याने सळ्या कापतात, फरशी कापतात. त्यालाच पुढे लोकरीची टोपी लावायची की झालं बफिंग मशीन. खरं बफिंग मशीन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर चालवतात आणि तुमचा ग्राइंडर अकरा हजारांवर फिरतो, म्हणजे काम किती पट लवकर होईल हिशोब करा! माझ्या बोटीवर हा हिशोब झाला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका पार्टीला काम दिलं, गाड्यांचं पॉलिश करतात, हाताखाली पोरं आहेत, तोंड गोड आहे. मी विचारलं, मशीन स्पीड कमी-जास्त होणारं आहे ना? "शेट, तुमी टेन्शन घेव नको, काय होऊचा नाय." दुपारी बारा वाजता, श्रावणातलं ते कडक ऊन पडलेलं, बोट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, सावलीचा पत्ता नाही, अख्ख्या बाजूला आधी कंपाऊंड फासून ठेवलेलं आणि ते उन्हात वाळून सिमेंट झालेलं, मग त्याच्यावर ग्राइंडर. दोन-दोन फुटांचा तुकडा घ्या, तो पुरा करा, मग पुढचा घ्या, हे मी सांगितलं तर माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या बापाला होडी वल्हवायला शिकवतोय. अरे बाबा, जेलकोट म्हणजे भिंतीचा डिस्टेंपर नाही. साच्यात सगळ्यात आधी तोच मारतात आणि त्याच्या पाठीवर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन चढवतात, आणि त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर! अर्ध्या मिलिमीटरवर अकरा हजार फेऱ्या आणि वरून हाताचा दाब, मग काय होणार? पुढच्या टोकाला, नाळीच्या कडेला आणि खालच्या धारेवर, जिथे सगळा दाब एकाच रेषेवर येतो, तिथे निळा रंग उडून खालची करडी-पिवळी मॅट डोकवायला लागली. धागे दिसतात हो, धागे! आणि गडी म्हणतो, "फायबर जुना झाला शेट."

मग त्याने ते "फुकटात" दुरुस्त करून दिलं. घरचा जेलकोट आणला, हार्डनर अंदाजाने टाकला, ब्रशने फासला आणि उघड्यावर सोडून गेला. साधा जेलकोट हवेला उघडा ठेवला की वरचा थर नीट सुकत नाही, चिकट राहतो, त्यात वॅक्सचं द्रावण मिसळावं लागतं नाहीतर वर प्लॅस्टिक फिल्म चिकटवावी लागते, हे पॉलिशच्या धंद्यातल्या माणसाला माहीत नको? संध्याकाळी वारा सुटला आणि पुळणीची वाळू त्याच्यावर जाऊन बसली. आज त्या जागी हात फिरवला तर ८० नंबरचा सँडपेपर वाटतो. रंगही वेगळा, कारण माझा निळा किती तरी उन्हाळे खाल्लेला आणि त्याचा डब्यातून नुकताच निघालेला. एवढं करून पैसे पूर्ण घेतले.

असो. टिप्स चालू ठेवूया.

वॅक्स. वॅक्स हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे असं समजून कशाच्याही वर मारायचं. बोटीचा रंग दुधाळ झालाय, हात लावला की पांढरी भुकटी येते, म्हणजे उन्हाने जेलकोटचा वरचा थर मेलाय. तो मेलेला थर कंपाऊंडने काढायचा, फारच खोल असेल तर ८००-१००० च्या वॉटर पेपरने पाणी घालत घासायचं, मग कंपाऊंड, मग पॉलिश आणि सगळ्यात शेवटी वॅक्स, असा लांबलचक रस्ता आहे. तुम्ही शॉर्टकट घ्या. भुकटीवरच वॅक्स चोपडा. ओल्या फडक्याने पुसल्यासारखी चमक येते आणि व्हिडिओपुरती ती टिकते. माझी दिवाळीपर्यंत टिकली, खोटं कशाला बोलू. दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी, पुण्याच्या एक काकू काळी पँट घालून बोटीत चढताना बाजूला टेकल्या, वर आल्या तर मांडीपासून गुडघ्यापर्यंत पांढरा छापा. त्यांनी झटकलं, तो पसरला. म्हणाल्या, "अहो, तुमच्या बोटीचा रंग ओला आहे का?" मी काय सांगणार त्यांना, रंग ओला नाही हो, ऑगस्टमध्ये काढायला पैसे दिले होते तोच थर तुमच्या पँटवर आलाय.

सिलिकॉनवालं गाडीचं स्वस्त पॉलिश जरूर वापरा. उद्या त्या जागी जेलकोट किंवा रंग मारायचा म्हटलं तर तो धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात, कारागिराला चार दिवस जास्त काम मिळतं, तेवढाच कुणाचा तरी संसार चालतो.

पाण्याखालच्या भागाला शेवाळ-शिंपलं लागू नयेत म्हणून रंग लावणार असाल तर आधी तिथेही वॅक्स मारा, म्हणजे रंग सोलून समुद्रात जाईल.

डेकवर आणि पायऱ्यांवरसुद्धा वॅक्स हवंच. पर्यटक घसरून सरळ पाण्यात गेला तर स्नॉर्कलिंगचे वेगळे पैसे लावता येतात.

नाळीवरचा रजिस्ट्रेशन नंबर टेप लावून झाकू नका. बफिंगमध्ये अर्धा पुसला गेला की तपासणीला आलेल्या माणसाशी तेवढीच ओळख वाढते.

पॅड एकच ठेवा, कंपाऊंडला तोच, पॉलिशला तोच, वॅक्सला तोच, वाळूत पडला तर पँटवर झटकून परत तोच.

आणि कामाला गावातली कॉलेजची पोरं घ्या. स्वस्त पडतात. त्यांना मास्क देऊ नका, गॉगल देऊ नका, हातमोजे तर अजिबात नको, त्याने पकड जाते म्हणे. माझ्या बोटीवर अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, ती भुकटी उडतेय, भुवया पांढऱ्या झाल्यात, रुमाल नाकावरून घसरतोय, आणि त्याच्याच हाताने ॲसिडची बादली उचलायला लावली. मी मास्क आणून दिला तर त्याचा मालक हसला. "शेट, ह्यांका सवय आसा."

कसली सवय रे? फायबरच्या धुळीची सवय छातीला होत नसते. तुझ्या घरात असेल पोरगा त्या वयाचा, त्याला उभा कर ग्राइंडरसमोर उघड्या तोंडाने, मग सांग मला सवय. पैसे पूर्ण मोजून घेतोस ना, मग एवढ्याशा मास्कात कसली काटकसर करतोस? आणि काम संपल्यावर उरलेलं ॲसिड, ॲसिटोनमध्ये भिजलेली फडकी, हार्डनरचे डबे, सगळं कुठे गेलं तेही मी बघितलंय. खाडीत. ओहोटीला बायका जिथे वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात, त्याच जागी. संध्याकाळी त्याच तिसऱ्या त्याच्याच घरी शिजल्या असतील.

आणि बोटमालकांनो, तुम्ही पण ऐका, सगळा दोष त्या पॉलिशवाल्यांचा नाही. ३०० रुपयांनी स्वस्त कोण करतंय ते शोधत किनाराभर फिरणारे तुम्हीच. पूर्वी लाकडाच्या होड्यांना काजूच्या टरफलाचा डीक, म्हणजे तेल, लावायचे, माडाच्या झापांच्या सावलीत ठेवायचे, वारा लागेल असं ठेवायचे, म्हातारी माणसं रोज एक फेरी मारून हात फिरवून यायची. तुम्ही लाखो रुपयांची फायबर बोट कर्ज काढून घेता आणि तिच्यावर बादलीभर गोडं पाणी ओतायला तुमचा जीव जातो. रोज संध्याकाळी परत आल्यावर धुवा, बाकी काही नाही जमलं तरी चालेल. ताडपत्री अंगाला टेकू देऊ नका, खाली दोन वासे घाला, हवा खेळू दे. वॅक्स सीझनच्या आधी एकदा आणि मध्ये नाताळच्या आसपास एकदा, सावलीत, हाताने, ग्राइंडरने नाही. काळं फडकं घासून बघा, पांढरं आलं तर वॅक्सचा डबा बंद करा आणि आधी तो थर काढा. माणूस ठरवताना मशीन बघायला मागा, नाही दाखवलं तर घरी पाठवा.

आणि तो कॅन. पुढच्या ऑगस्टला खाडीच्या काठावर ॲसिडचा कॅन उपडा करताना कोण दिसला ना, मग तो माझा सख्खा मावसभाऊ का असेना, मी टिप्स बिप्स लिहीत बसणार नाही, तिथेच येऊन सगळ्यांसमोर कॅन हातातून काढून घेणार.