फलाट क्रमांक पावणेदहा

ठाण्याहून वाशी आणि पनवेलकडे जाणाऱ्या लोकल नऊ आणि दहा क्रमांकांच्या फलाटांवरून सुटतात. इतर ठाणेकरांना याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही; पण हॅरी पॉटरच्या गोष्टींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात याच दोन आकड्यांच्या मधल्या भिंतीत घुसून जादूच्या शाळेची गाडी पकडावी लागते, हे ज्याला पाठ आहे, त्याच्या मनात दररोज सकाळी काहीतरी हलते. इंग्रजीत त्या फलाटाला ‘नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश’ असे लांबण लावून म्हणावे लागते. आपण ‘पावणेदहा’ म्हणून मोकळे होतो. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, कोपरखैरणेच्या एका कार्यालयात थकीत कर्जांच्या वसुलीचे काम करतो, आणि फलाटावरून चालताना खांबांकडे अजूनही आशेने पाहतो.

हा छंद मला मुलीमुळे लागला. ती आठ वर्षांची असताना झोपण्यापूर्वी तिला त्या चष्मेवाल्या पोरक्या मुलाच्या मालिकेचा पहिला भाग मराठीतून वाचून दाखवायला मी सुरुवात केली. सातवा भाग संपेपर्यंत ती मोठी झाली आणि तिने तो नाद सोडला. मला तो सोडता आला नाही. त्यानंतर ग्रीक देवांच्या मुलांची मालिका आली, मग ड्रॅगनवर बसणाऱ्यांची, मग पाताळातल्या राजपुत्रांची. नौपाड्यातील ज्या दुकानातून मी ही पुस्तके घेतो, तेथील मालक प्रत्येक वेळी ‘मुलीला ना?’ असे विचारतात आणि मी मान डोलावतो. ‘केवढी आहे?’ या प्रश्नाला मी पूर्वी एकदा ‘तेरा’ असे खरे उत्तर दिले होते आणि तेच आजतागायत चालू ठेवले आहे. मुलगी आता एकवीस वर्षांची असून सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसली आहे. त्या दुकानाच्या गल्ल्यावर मात्र ती गेली आठ वर्षे तेराचीच आहे.

इथवर कोणाला उपद्रव नव्हता. उपद्रव सुरू झाला तो या पुस्तकांच्या लेखकांनी आणि त्यांवरील चित्रपटांत झळकलेल्या नटनट्यांनी दानधर्म आरंभल्यापासून. हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग हिने २००१ साली ‘कॉमिक रिलीफ’ या ब्रिटिश संस्थेच्या मदतीसाठी दोन चिमुकली पुस्तके लिहिली. त्यांपैकी एक म्हणजे कथेतल्या नायकाचे शाळेतले क्रमिक पुस्तक असून, त्याने आणि त्याच्या मित्राने समासात केलेल्या खरडींसह ते छापलेले आहे. माझ्या मुलीने तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात अशाच खरडी केल्या, तेव्हा मी तिला अर्धा तास उभे केले होते. या खरडी मी पैसे मोजून घेतल्या. २००७ साली याच लेखिकेने परीकथांचे एक पुस्तक स्वहस्ते लिहून त्याच्या सात प्रती केल्या आणि त्यांतील एक लंडनच्या लिलावात मुलांच्या मदतकार्यासाठी विकली. ती १९ लाख ५० हजार पौंडांना गेली. त्या दिवशी आमच्या घरी गॅसची शेगडी बदलण्यावरून चर्चा चालू होती, त्यामुळे मला बोली लावता आली नाही. मात्र पुढच्या वर्षी त्याच पुस्तकाची छापील आवृत्ती निघाली, तेव्हा मी दोन प्रती घेतल्या.

‘दोन कशाला?’ असे सौभाग्यवतींनी विचारले.

‘एक वाचायला आणि एक दान म्हणून.’

‘दान म्हणून घेतलेली कोणाला देणार?’

या प्रश्नात तथ्य होते, कारण दुसरी प्रतही कपाटातच गेली. थोरांच्या दानात आपला वाटा म्हणजे आपल्या कपाटात आणखी एक पुस्तक, अशी माझी सोयीची व्याख्या होती आणि ती बरीच वर्षे टिकली. २०१४ साली एएलएस या चेतापेशींच्या दुर्धर आजाराच्या संशोधनासाठी जगभरच्या नामवंतांनी बर्फाच्या पाण्याच्या बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या, तेव्हा मीही सोसायटीच्या गच्चीवर बादली नेली होती. त्या दिवशी नेमकी पाणीकपात होती, फ्रिजमध्ये बर्फाचा एकच ट्रे होता, आणि खालून तिसऱ्या मजल्यावरचे काका ‘टाकी भरून वाहतेय का?’ असे ओरडत होते. त्या उपक्रमातून मला फक्त सर्दी झाली.

परंतु खरा घाव घातला तो चित्रपटांत हॅरीच्या हुशार मैत्रिणीचे काम करणाऱ्या एमा वॉटसनने. ती २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेची सदिच्छादूत झाली, हे मी जाणून होतो; पण नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने लंडनच्या भुयारी रेल्वेत स्वतः फिरून शंभरेक पुस्तके ठिकठिकाणी ठेवली, प्रत्येकात हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली, आणि ज्याला सापडेल त्याने वाचून पुढच्यासाठी ठेवावे अशी विनंती केली, हे मी बऱ्याच उशिरा वाचले आणि वाचून अस्वस्थ झालो. शंभर पुस्तके आपल्याच्याने होणार नाहीत. पण एक तर होईल? माझ्याकडे पहिल्या भागाच्या दोन प्रती होत्या. त्यांतली जास्त चुरगळलेली मी बाजूला काढली. (दानासाठी वस्तू निवडताना हात आपोआप जुन्या वस्तूकडे कसा जातो, हा अभ्यासाचा विषय आहे.)

‘एवढं द्यायचंच आहे, तर १८९३ पासून गावात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे नेऊन दे की,’ असे सौभाग्यवती म्हणाल्या.

मी त्यांना समजावले की ग्रंथालयातले पुस्तक शोधावे लागते आणि वाटेत ठेवलेले पुस्तक भेटते. त्यांनी माझ्याकडे, वसुली विभागातला मनुष्य कर्जदाराकडे पाहतो तसे, पाहिले.

पहिला प्रयोग मी तलावपाळीवर केला. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवले, कोणी पाहत नाही याची खात्री केली, आणि गडकरी रंगायतनाच्या दिशेने चालू लागलो. तासाभराने उत्सुकतेपोटी परत येऊन पाहतो, तो एक आजोबा पुस्तकाशेजारी पहारा देत बसलेले. ‘तुमचंच ना?’ ते संतापाने म्हणाले. ‘तुम्ही ठेवताना मी समोरून पाहिलं. हाक मारेपर्यंत तुम्ही गर्दीत गेलात. माझी औषधाची वेळ टळून गेली तुमच्यापायी.’ मी क्षमा मागून पुस्तक घेतले आणि आजोबांना रिक्षात बसवून दिले. रिक्षाचे पैसे मी दिले. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात पुस्तक ठेवून पाहिले. रिक्षावाल्याने यू-टर्न घेऊन ते परत आणून दिले आणि त्या वळणाबद्दल दोन शब्द सुनावले.

मग मी गाडी निवडली. चिठ्ठी पुस्तकाच्या आत होती, हा माझा दोष मला तेव्हा कळला नाही. कोपरखैरणे येताच खिडकीजवळच्या जागेवर पुस्तक ठेवून मी निर्विकार चेहऱ्याने उतरलो. गाडी हलली आणि डब्यातून एकदम कल्लोळ उठला. ‘ओ काका! काका, पुस्तक!’ ज्या मंडळींनी गेल्या अकरा वर्षांत मला कधी चौथी सीट दिली नाही, ती सगळी दारात येऊन माझ्या नावाने हाका घालू लागली. अर्थात माझे नाव कोणालाच ठाऊक नसल्याने फलाटावरचे सगळे काका वळून पाहू लागले. ‘राहू दे, तुम्हीच वाचा!’ असे मी ओरडलो, ते चाकांच्या आवाजात विरले. दारातल्या एका तरुणाने नेम धरून पुस्तक माझ्याकडे भिरकावले आणि ते माझ्या डब्याच्या पिशवीवर आदळून आमटी सांडली. तो हात हलवीत होता. मीही हात हलवला. एवढे चांगले काम केल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसत असताना, त्याला दुखवणे माझ्या जिवावर आले.

तात्पर्य, पुस्तक हरवलेले नाही हे बाहेरूनच दिसायला हवे होते. ३१ जुलै हा त्या लेखिकेचा आणि तिच्या नायकाचाही वाढदिवस, म्हणून तोच मुहूर्त धरला. पाऊस कोसळत होता. पुस्तक भिजू नये म्हणून मी ते कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घातले, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली, आणि वर पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले : ‘हे हरवलेले नाही. हे मुद्दाम तुमच्यासाठी ठेवले आहे. उघडून पाहा.’

आता हे लिहिताना त्यातली चूक मला स्पष्ट दिसते. त्या सकाळी मात्र फलाटावर बेवारस वस्तूंविषयीची घोषणा दोनदा ऐकूनही मला ती स्वतःविषयी असेल असे वाटले नाही. गाडी सुटायला सात मिनिटे होती. मी पुडके खिडकीशी ठेवले आणि मजा पाहावी म्हणून समोरच्या बाकावर टेकलो. एक गृहस्थ आले, त्यांनी मजकूर वाचला आणि ते उठून दाराशी गेले. दुसऱ्याने वाचला, तो तिसऱ्याशी कुजबुजला. दोन मिनिटांत त्या पुडक्याभोवतीच्या सहा जागा मोकळ्या झाल्या, आणि ऐन गर्दीच्या वेळी, ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत, त्या मोकळ्याच राहिल्या. सात भागांत मिळून एवढी जादू मी वाचलेली नाही.

मग खाकी गणवेशातले एक हवालदार आले. ‘कोणाचं आहे हे?’ या प्रश्नावर सारा डबा गप्प राहिला आणि माझा हात, शाळेत वर जायचा तसा, वर गेला.

चौकीत त्यांनी ते पुडके माझ्याच हातून उघडवले. त्यातून पुस्तक निघालेले पाहून त्यांचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. मुखपृष्ठावर बोट ठेवून त्यांनी अक्षरे जुळवली, ‘हॅरी पॉटर आणि परीस’, आणि विचारले, ‘परीस म्हणजे तो लोखंडाचं सोनं करणारा?’

‘तोच.’

‘किती पैसे घेता लोकांकडून?’

मी घाईघाईने सांगितले की हे मोफत आहे, लंडनमध्ये एक अभिनेत्री रेल्वेत अशीच पुस्तके ठेवते, आणि तिचे अनुकरण म्हणून मी हे केले.

‘ती तुमची कोण?’

‘कोणी नाही.’

‘मग ती ठेवते म्हणून तुम्ही का ठेवता?’

वीस वर्षे मी वसुलीच्या कामात माणसांना पेचात पकडणारे प्रश्न विचारीत आलो आहे. पण असा प्रश्न मला सुचला नसता. हवालदारांनी कागद ओढला, पेनाचे टोपण काढले आणि ‘कारण’ या शब्दापुढे माझ्याकडे पाहत थांबले. सदिच्छादूत, वाचनसंस्कृती, ‘कॉमिक रिलीफ’ यांपैकी काहीही त्या ओळीत मावेना. जे. एम. बॅरी या नाटककाराने १९२९ साली आपल्या ‘पीटर पॅन’ या उडणाऱ्या मुलाच्या कथेचे सगळे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले आणि त्यातून किती पैसे आले हे कधीही सांगू नका अशी अट घातली, हेही मी सांगून पाहिले. हवालदार म्हणाले, ‘त्यांचा पत्ता नको, तुमचा सांगा.’ तेव्हा का कोण जाणे, मला माझी आजी आठवली. ती संक्रांतीला तिळाच्या लाडवात चार आण्यांचे नाणे लपवून शेजारी पाठवीत असे आणि कोणाच्या दाताखाली ते आले, याची कधी चौकशी करीत नसे.

‘गुप्तदान,’ मी म्हणालो.

हवालदारांचा चेहरा उजळला. ‘मग असं सांगा ना आधी! आमची आई अधिक महिन्यात करते.’ त्यांनी ‘कारण : गुप्तदान’ असे लिहिले, खाली माझी सही घेतली, पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांकासह, आणि साहेब येईपर्यंत पुस्तक चौकीतच राहील असे सांगून मला सोडले. मी कार्यालयात पन्नास मिनिटे उशिरा पोहोचलो. ‘कारण’ या रकान्यात मी ‘पाऊस’ लिहिले.

तीन आठवडे काही झाले नाही. मग एका संध्याकाळी फलाटावर कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला. तेच हवालदार होते. मी दचकलो, पण ते आजूबाजूला पाहून हलक्या आवाजात म्हणाले, ‘साहेब, ते पोरगं मावशीकडून सुटलं, गोष्ट संपली, पण तो मेलेला नाही ना अजून? तो नाव न घ्यायचा?’

‘नाही. अजून सहा भाग आहेत.’

‘माझं झालं. सध्या तिकीट तपासनीस वाचतायत, मग कॅन्टीनवाला. दुसरा भाग कधी ठेवताय?’ मी गप्प राहिलेला पाहून त्यांनी सोय सुचवली : ‘बुधवारी ठेवा. बुधवारी मी इथेच असतो. आणि ती काळी पिशवी नको.’

घरी येऊन मी कपाट उघडले. दुसऱ्या भागाची एकच प्रत होती, तिच्या पहिल्या पानावर मुलीने आठव्या वर्षी काढलेले घुबड होते आणि त्या घुबडाला पाच पाय होते. मी ते पुस्तक दोनदा बाहेर काढले आणि दोनदा आत ठेवले. मग छत्री घेऊन नौपाड्याला गेलो.

दुकानाच्या मालकांनी दुसरा भाग काढून गल्ल्यावर ठेवला. ‘मुलीला ना?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘पोलिसांना द्यायचंय.’

त्यांनी काही न बोलता, मी न मागता, वीस टक्के सूट दिली.