तापमानवाढीचं बिल ज्वालामुखीवर फाडणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या इंदुरातल्या मराठी ग्रुपांवर ग्लोबल वॉर्मिंग हा कसा महाघोटाळा आहे असा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात त्यातला माल असा: एक ज्वालामुखी फुटला की माणसाने आजवर सोडलेल्यापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, आपला माळवाच मुळी लाव्ह्याचा आहे तेव्हा कुठे होत्या गाड्या, खरा दोष सूर्याचा, हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के, त्यातही निसर्ग 96 टक्के सोडतो आणि माणूस 4, हवामान तर नेहमीच बदलत आलंय, आणि हे सगळं भारताची प्रगती रोखायला गोऱ्यांनी रचलंय. खाली "मुलांना खरं कळू द्या" हे आलंच.

एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण हा आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, वर "अरे भिया, नेचरपुढे माणूस काय चीज आहे" असं स्वतःचं वाक्य जोडून, आणि नववीतली भाची विचारायला लागली की मग आमच्या सायन्सच्या पुस्तकात खोटं छापलंय का. मामा रिटायर्ड इंजिनिअर आहेत हो, आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस, पाठवायच्या आधी एक भागाकार करायला काय हरकत होती?

तर तो भागाकार. 1991 साली फिलिपाइन्समध्ये पिनाटुबो फुटला, विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड साधारण 5 कोटी टन. माणूस आज कोळसा, तेल, गॅस जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला 37 अब्ज टनांच्या आसपास सोडतो, म्हणजे दिवसाला 10 कोटी टन. पिनाटुबोने जे केलं ते आपण सकाळच्या पोह्यांपासून रात्री सराफ्यात खायला पोचेपर्यंत उरकतो. आणि "माणसाने आजवर सोडलेल्यापेक्षा जास्त"! जगातले सगळे ज्वालामुखी, समुद्राखालचे धरून, वर्षाला अर्धा अब्ज टनसुद्धा सोडत नाहीत. हा हिशोब अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा, त्यांचं कामच ज्वालामुखी मोजणं, त्यांना ज्वालामुखी लपवून काय मिळणार आहे? उलट पिनाटुबोच्या गंधकाच्या धुरामुळे जगाचं तापमान वर्ष-दोन वर्षं साधारण अर्धा डिग्री खाली आलं होतं, हे फॉरवर्डमध्ये कुठे सापडलं नाही.

आता माळव्याचं. हे अर्धं खरं आहे आणि मान्य करताना मला जरा त्रासच होतोय. आपली काळी माती लाव्ह्याच्या खडकापासूनच झाली, 6.6 कोटी वर्षांच्या आसपास दख्खनचे हे लाव्हाप्रवाह वाहिले आणि त्या वायूंनी तेव्हाच्या हवामानात उलथापालथ केली असं शास्त्रज्ञही म्हणतात. पण ते प्रवाह लाखो वर्षं थांबत थांबत येत होते, आपला कारभार दीड-दोनशे वर्षांतला आहे. आणि मुख्य म्हणजे हा मुद्दा लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतो. तेव्हा ज्वालामुखीच्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापली म्हणता ना, मग हा वायू तापवतो हे तुम्हीच कबूल केलंत. मग तीन ओळींनंतर 0.04 टक्क्याने काय होतंय म्हणून हसता कशाला? दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा!

0.04 टक्के हा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष बंडल आहे. हवेतला जवळपास 99 टक्के भाग म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, ते जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या तुलनेत टक्का काढून उपयोग शून्य. औद्योगिक युगाआधी हा वायू दहा लाखात 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय, म्हणजे दीडपट. बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून 8 लाख वर्षांचा हिशोब लागलाय, त्यात तो 300 च्या आसपासच्या वर कधी गेलेला दिसत नाही.

निसर्ग 96, माणूस 4, हे म्हणजे पासबुकातलं फक्त जमेचं पान दाखवण्यासारखं आहे. निसर्ग सोडतो तेवढा परत घेतोही, शिवाय आपला जादाचा जवळपास निम्मा समुद्र आणि झाडं गिळतात. उरलेला साचत जातो. आणि तो आपलाच कशावरून, तर कार्बनमध्ये हलका आणि जड असे प्रकार असतात, झाडांना हलका जास्त चालतो, कोळसा-तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली झाडं आणि समुद्रातले बारीक जीव, म्हणून त्यांच्या धुरातही हलका कार्बन जास्त, आणि हवेत नेमकं त्याचंच प्रमाण वाढत चाललंय. ज्वालामुखीतला कार्बन असा नसतो. वर हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित पण सतत कमी होतोय (घाबरू नका, श्वासापुरता भरपूर आहे), म्हणजे काहीतरी जळतंय. लाव्हा बाहेर यायला ऑक्सिजन लागत नाही.

सूर्य. 1978 पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत, अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारण 0.1 टक्का वरखाली होते, वाढत गेलेली नाही. सूर्यामुळे तापलं असतं तर हवेचे वरचे थरही तापले असते, पण खालचा थर तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. हे असंच होणार असं मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच गणित करून सांगितलं होतं, मानाबेंना 2021 चं नोबेल मिळालं. जगभरात बहुतेक ठिकाणी रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगाने उबदार होत गेल्यात, आणि शब-ए-माळवाचं, म्हणजे माळव्यातल्या थंडगार रात्रींचं, कौतुक करणाऱ्या माणसांनी तरी सांगावं, रात्री कुठला सूर्य असतो? आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या 2021 च्या रिपोर्टात 1850-1900 च्या तुलनेत 2010-2019 पर्यंत माणसामुळे झालेली वाढ 1.07 डिग्री दिलीय, आणि सूर्य व ज्वालामुखी धरून वाटा उणे 0.1 ते अधिक 0.1. म्हणजे जवळपास काही नाही.

हवामान नेहमीच बदलत आलंय, हो, आलंय. पण हिमयुगातून बाहेर यायला हजारो वर्षं लागली, आपलं तापणं दीड-दोनशे वर्षांतलं आहे. पुढे.

राहिलं गोऱ्यांचं कारस्थान. टिंडल या शास्त्रज्ञाने कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे 1859 मध्ये प्रयोगशाळेत मोजलं, तेव्हा इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते, कोणती प्रगती रोखायला मोजलं असेल? 1896 मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने हा वायू दुप्पट झाला तर किती तापेल याचं गणित मांडलं, आणि तिथल्या थंडीत बसून त्याला ते बरंच वाटलं होतं. पण श्रीमंत देश आपल्याला उपदेश करतात याचा मामांना राग येतो, तो मलाही येतो. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी 14 टनांच्या आसपास सोडतो, आपला 2 च्या आसपास, आणि आजवर साचलेल्यातही सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचाच आहे. मात्र त्यांच्याकडे भरपाई मागायची तर कोळसा त्यांनी जाळला आणि त्यामुळेच तापलं हे आधी म्हणावं लागतं. ज्वालामुखीने केलं म्हटलं, की मामा, त्यांच्यावरची सगळी उधारी तुम्हीच माफ करून टाकलीत.